डीएमएक्सच्या नावाखाली माइकची वायर

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाट्यमंडळाने रंगमंचावर एलईडी पार, म्हणजे रंग बदलणारे स्टेजचे दिवे, लावायचे ठरवले आणि वायरिंगचं काम ओळखीतून आलेल्या एका ठेकेदाराला दिलं. बिल 48,000. त्यात डीएमएक्स केबल (दिव्यांना रंग-उजेडाचे हुकूम पोचवणारी सिग्नलची वायर) 150 मीटर, 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि ‘अर्थिंग पूर्ण’ असं लिहिलेलं. पैसे वर्गणीचे, निम्मे मुंबईच्या चाकरमान्यांनी पाठवलेले.

पहिल्याच प्रयोगात, दुसऱ्या अंकात शेवटचे सहा पार लुकलुकायला लागले. लाल मागितला की निळा येई. दिवे चालवायचा कन्सोल बदलून पाहिला, फरक शून्य. पडदा पडल्यावर शिडीवर चढलेल्या अनवाणी पोराचा हात पार टांगलेल्या लोखंडी पाइपला लागला आणि त्याला जबर झटका बसला. पोरगा वाचला, पण तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सकाळी कणकवलीहून एक जाणता वायरमन बोलावला. त्याने एक कनेक्टर उघडून माझ्या हातात दिला. केबलच्या ड्रमवर डीएमएक्सला लागणाऱ्या 120 ओहमचं स्टिकर होतं, पण केबलच्या अंगावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. आत साधी माइकची वायर. दहा मीटरला ती चालून जाते, पण लांब पल्ल्यावर सिग्नल टोकाला आपटून मागे फिरतो आणि दिवे गोंधळतात. शेवटच्या पारला 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये 120 ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल टोकाला जिरवणारा रोधक, लागतो, तोही नव्हता. वर 1 नंबरच्या पिनची शिल्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) कनेक्टरच्या धातूच्या कवचाला डाख मारून जोडलेली! कवच पाइपला टेकलं की सिग्नलचं ग्राउंड पाइपवर.

अर्थिंगची हिरवी वायर मी स्वतः उकरली. वीतभर खाली, जांभ्यावर नुसती गुंडाळून ठेवलेली. ना पाइप, ना प्लेट, ना कोळसा-मीठ. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत, तिथे खोल पाइप घालून पाणी सोडल्याशिवाय अर्थिंग लागत नाही. एका पारच्या बॉडीत फेज उतरला होता, त्याला जायला वाटच नव्हती. आरसीसीबी बिलात होता, बोर्डात नव्हता.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी एक कनेक्टर उघडून घ्या, अर्थिंगचा खड्डा उघड्यावर बघा, आरसीसीबीचं टेस्ट बटण स्वतः दाबा. हा माणूस सध्या शेजारच्या तालुक्यात जत्रांची कामं घेत फिरतोय.