नौकेवरच्या चुलीला गॅस, रॉकेल की कोळसा?

हर्णै किंवा मिरकरवाड्याहून चार-पाच दिवसांच्या फेरीला निघणाऱ्या ट्रॉलरवर गॅस बरा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या उघड्या होडीला वातींचा रॉकेल स्टोव्ह पुरतो. कोळशाची शेगडी केबिनमध्ये मात्र कधीच नको. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दार लावून झोपलेल्या खलाशांना त्याचा पत्ताच लागत नाही.

उष्णतेच्या हिशेबात गॅस आणि रॉकेल जवळजवळ सारखेच: किलोमागे गॅसची ४६ मेगाज्यूल, रॉकेलची ४३. तेव्हा निवड उष्णतेवर ठरत नाही, सांडल्यावर किंवा गळल्यावर काय होतं यावर ठरते.

गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर तो दाराच्या फटीतून निघून तरी जातो. नौका म्हणजे बंद भांडं, तिथे तो फळ्यांखाली तळाच्या पाण्यावर साचतो. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की पेट घेतो आणि इंजिनाच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरते. मासळी आणि डिझेलच्या वासात गॅसचा वास उभ्या माणसाला कळतही नाही, म्हणून खाली वाकून हुंगावं. वास आलाच तर कुठलंही बटण दाबू नये, तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचंही नाही. सिलिंडर बंद करावा, झाकणं उघडावीत आणि प्लॅस्टिकच्या बालदीने तळातली हवा पाणी उपसावं तशी उपसून बाहेर ओतावी. जड गॅस खरोखरच असा निघतो.

म्हणून ५ किलोचा सिलिंडर केबिनबाहेर, डेकवर, उभाच बांधावा. आडवा पडला तर रेग्युलेटरमध्ये द्रवरूप गॅस शिरतो आणि ज्योत उसळते. केबिनमध्ये नळीला सांधा नको. खाऱ्या हवेत रेग्युलेटरच्या धातूला खड्डे पडतात, पिन अडकते. दर फेरीआधी साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. काम संपलं की आधी सिलिंडर बंद करावा, नळीतला गॅस जळून ज्योत विझू द्यावी आणि मगच शेगडीचा कॉक फिरवावा. वाऱ्याने ज्योत विझली तरी गॅस वाहतच राहतो, हे तर कधीच विसरू नये. सहा माणसांची दोन जेवणं आणि चहा धरून चूल दिवसाला तीन तास पेटते. तासाला दीडशे ग्रॅम गॅस धरला तर ५ किलो साधारण अकरा दिवस जातो.

रॉकेल सांडलं तर दिसतं, वासही लागतो आणि पेटायला वेळ घेतं. पंपाच्या स्टोव्हचं दुखणं वेगळं. तो स्पिरिटने तापवावा लागतो आणि डुलत्या होडीत स्पिरिट वाटीतून सांडतं. बर्नर तापण्याआधी पंप मारला की कच्चं रॉकेल उडून भडका होतो. त्यापेक्षा वातींचा बरा, मात्र टाकी पाऊणच भरावी आणि वाती एका उंचीवर कापाव्यात, नाहीतर काजळी धरते. ज्योत तडतडली तर रॉकेलात पाणी आहे. पाणी कॅनच्या तळाशी बसतं, म्हणून शेवटचं दोन बोटं रॉकेल ओतूच नये. आऊटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे लावलेल्या इंजिनाचं पेट्रोल त्यात मिसळणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. रॉकेलच्या आगीवर पाणी मारू नये, ओलं गोणपाट टाकावं. अडचण उरते ती मिळण्याची, कारण रेशनचं निळं रॉकेल आता सहज हाती लागत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सिलिंडर उतरवून ठेवावा आणि हंगामाला निघताना नळी नवी घालावी, जुनी चांगली दिसत असली तरी.