पैशांच्या आधी पेपर गेला: नकली जर्नलचा अनुभव

नकली जर्नलचा, म्हणजे संशोधनाचे पेपर छापण्याच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या बनावट नियतकालिकांचा, विषय निघाला की सगळे पैशांबद्दल बोलतात. कुणाचे चार हजार गेले, कुणाचे दहा. माझेही गेले. पण खरं नुकसान पैसे भरण्याच्या आधी होतं, पेपरची फाइल पाठवली त्याच वेळी. इंदूरमध्ये आपली कितीतरी मराठी मुलं पीएचडी करताहेत आणि मला आला तसलेच मेसेज त्यांनाही येत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा विषय इंदूरमधून वाहणाऱ्या कान्ह नदीचं पाणी. कृष्णपुरा छत्रीपासून खाली, कबीटखेडीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या आधी आणि नंतर, असे पाण्याचे नमुने घेतले होते. हीच नदी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते आणि २०२८ मध्ये तिथे सिंहस्थ आहे. स्नानाच्या पाण्यात बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; जितका जास्त तितकं पाणी घाण) लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा असं मानक आहे. त्यामुळे हे आकडे नुसते प्रबंधात पडून राहू नयेत, छापून यावेत, अशी माझी आणि गाईड मॅडमची मनापासून इच्छा होती.

अशात व्हॉट्सअ‍ॅपवर एका ‘संपादकांचा’ मेसेज आला. भौतिकशास्त्र, मानसिक आरोग्य, व्यवसाय, पर्यावरण, सगळे विषय घेणारं जर्नल. यूजीसी केअर (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य जर्नलांची यादी), स्कोपस (निवडक जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची), डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचा इतर संशोधक किती उल्लेख करतात याचं माप), सगळं काही आहे म्हणे. अनेक विषय घेणं हा काही दोष नाही. बंगळूरूचं ‘करंट सायन्स’ १९३२ पासून तेच करत आलं आहे. फक्त तिथे प्रत्येक विषय जाणणारे लोक पेपर वाचतात.

मी केअरची डाउनलोड केलेली यादी उघडली. नाव होतं. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांकही अंकन् अंक जुळला. जुळणारच होता, कारण दोन्ही गोष्टी चोरलेल्या होत्या. महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावातून निघणाऱ्या, खऱ्या आणि प्रामाणिक नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक उचलून या लोकांनी वेगळी वेबसाइट उभी केली होती. याला क्लोन जर्नल म्हणतात. यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि जर्नल पारखण्याचं काम विद्यापीठांवर आणि संशोधकांवर सोपवलं. जुन्या यादीची पीडीएफ मात्र अजून फिरते, आणि ठग तीच पुढे करतात.

फाइल पाठवली, सोबत त्यांनी मागितलेला कॉपीराइटचा फॉर्म सही करून पाठवला. नदीच्या पाण्याची बीओडी चाचणी २० अंश सेल्सिअसला ५ दिवस चालते. त्या पाच दिवसांहूनही कमी वेळात ‘दोन तज्ज्ञांनी पेपर तपासला’ असं पत्र आलं. एकही प्रश्न नाही, एकही दुरुस्ती नाही. पाठोपाठ फोन: “मॅम, आज पेमेंट हो जाए तो इसी इश्यू में ले लेंगे.” पेपर छापल्याशिवाय प्रबंध जमाच होत नाही, असंही ठासून सांगितलं. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी ही सक्ती काढून टाकली आहे. एखादं विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, पण ती आपल्या विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला विचारायची. फोनवरच्या अनोळखी माणसाने सांगितलेल्या नियमावर कुणीही घाईने पैसे भरू नयेत. पैसे एका व्यक्तीच्या बचत खात्यावर गेले, संस्थेच्या नव्हे.

अंक आला तेव्हा मी हादरले. शुद्धीकरण केंद्राच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन रकाने उलटे छापले होते. म्हणजे माझ्या नावाने जगाला असं सांगितलं गेलं की केंद्रातून बाहेर पडणारं पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा घाण आहे. दुरुस्ती मागितली, उत्तर नाही. पेपर मागे घेते म्हटलं, तर लगेच उत्तर आलं: मागे घेण्याची फी दीडशे डॉलर. फॉर्मवर तुमची सही आहे, हक्क आमचे आहेत. एकदा छापलेला पेपर दुसरं जर्नल घेत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. धंदा खरा इथे आहे. सुरुवातीची फी ही नुसती सुरुवात.

मग मी संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना, त्यांच्या कॉलेजच्या साइटवरून पत्ता घेऊन, मेल केला. फोटो त्यांचा, नाव त्यांचं. त्यांना या जर्नलची काहीच माहिती नव्हती. मूळ नियतकालिकाच्या संपादकांचा नंबर मिळाला. ते म्हणाले, “ताई, आमचा अंक फक्त छापील निघतो. आम्ही कुणाकडून एक रुपया घेत नाही. तुमच्यासारखे फोन आम्हाला सारखे येतात आणि फार वाईट वाटतं.” त्या सज्जन माणसाने त्याच संध्याकाळी लेटरहेडवर पत्र दिलं की हा पेपर आम्ही छापलेला नाही आणि ही वेबसाइट आमची नाही. मला सोडवलं ते त्या पत्राने.

त्यांच्याच बोलण्यातून एक तपासणी कळली, ती प्रत्येकाने करावी. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे आयएसएसएन मिळतात. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाकला की माध्यम कोणतं ते फुकट दिसतं. माझ्यासमोरच्या वेबसाइटवर जो क्रमांक होता, तो छापील अंकाचा होता. तसंच जुन्या पेपरांचे डीओआय ‘डीओआय डॉट ऑर्ग’वर टाकून बघा, त्या साइटवरचा एकही उघडत नव्हता. स्कोपसची जर्नलांची यादी कुणालाही फुकट बघता येते, जर्नलच्या पानावरच्या चिन्हावर विसंबू नका. आणि आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नाही, तो केवळ ओळख क्रमांक आहे.

हे सगळं फाइल पाठवण्याआधी करायचं. पैसे भरण्याआधी केलं तर उशीर झालेला असतो, कारण सही केलेला फॉर्म आणि पेपर दोन्ही त्यांच्या हातात गेलेले असतात.

न वाचता पेपर घेणारी जर्नल किती पसरली आहेत हे २०१३ मध्येच दिसलं होतं. ‘सायन्स’साठी जॉन बोहानन यांनी मुद्दाम ढोबळ चुका घालून रचलेला खोटा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. मला यात सर्वांत जास्त राग येतो तो याचा, की नैराश्यावरच्या उपचारांचा कच्चा अभ्यासही माझ्या पेपरशेजारी त्याच अंकात, त्याच शिक्क्याने छापलेला होता. कुणी तो खरा मानून वागलं तर?

मी सायबर तक्रार केली. पैसे अजून परत आलेले नाहीत. १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त, म्हणून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, खात्याचं नाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. दीडशे डॉलर मी दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

पेपर आता दुसऱ्या जर्नलकडे आहे. पाठवताना घडलेलं सगळं पत्रात लिहिलं, मूळ संपादकांचं पत्र आणि तक्रारीची प्रत जोडली, रकाने सरळ केले. तिथल्या परीक्षकांनी नमुने कोणत्या ऋतूतले, बाटल्या किती वेळात प्रयोगशाळेत पोचल्या, असे बरेच प्रश्न विचारले आहेत. मी आणि मॅडम त्यांचीच उत्तरं लिहितो आहोत.