पोकळ नॅनोउत्प्रेरक: गाभा सिलिकाचा की कार्बनचा?

पोकळ नॅनोउत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे अतिसूक्ष्म पोकळ कण. ते कसे बनवतात, हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्याला चटकन कळेल: कोअर ठेवून ओतकाम करायचं, मग कोअर फोडून काढायचा. इथे फक्त गाभा नॅनोमीटरमधला: त्यावर उत्प्रेरकाचं कवच चढवायचं, मग गाभा काढून टाकायचा.

ग्लुकोजचं द्रावण बंद भांड्यात 180 अंशांवर तापवलं की कार्बनचे गोळे मिळतात. स्वस्त काम. हवेत 500 अंशांच्या आसपास ते जळून जातात, पण जळताना उष्णता सोडतात. तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढवायचं. घाई केली की कवच फुटलंच म्हणून समजा. (मध्येच वीज गेली तर बोंबला!)

सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) आत असतानाच कवच भाजता येतं, त्यामुळे ते कोसळत नाही, पुढे तापही सोसतं. नंतर सिलिका कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विरघळवायची. टायटॅनिया, झिर्कोनिया (टायटॅनियम, झिर्कोनियमची ऑक्साइडं) यांच्या कवचासाठी माझं मत सिलिकालाच. झिंक ऑक्साइडचं कवच मात्र कॉस्टिकमध्येच विरघळतं. तिथे कार्बनच बरा.