रुगर एसआर१९११, स्टेनलेस, ५ इंची, .४५ : रेंजसाठी घ्यावं का? सहा वर्षं वापरून झाल्यावर लिहितोय

चवथीला आरती झाल्या झाल्या ह्यूस्टनहून पुतण्याचा फोन आला, माटोळीला काय काय बांधलं, नेवऱ्या कोणी केल्या हे सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणाला, काका, रेंजसाठी, म्हणजे नेमबाजीच्या सरावासाठी, पिस्तूल घ्यायचंय, फुल साइज, पूर्ण स्टेनलेस, तुमच्याकडे होतं तसलंच, घेऊ का? फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखा विषय नाही हा, म्हणून त्याच्यासाठी लिहायला घेतलं. आणि गोव्यात आता घरटी कोणी ना कोणी बाहेर आहेच, तेव्हा अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे पिस्तूल इथे फोंड्यात बसून घ्यायचं नाहीये. आपल्याकडे .४५ (नळीचा व्यास, इंचात) आणि ९ एमएम दोन्ही प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेले व्यास, साध्या लायसन्सवर मिळत नाहीत, म्हणूनच दुकानात सगळीकडे .३२ दिसतं. मी टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनच्या बाजूला नऊ वर्षं होतो, ग्रीन कार्ड होतं, तिथे फॉर्म ४४७३ (बंदूक विकत घेताना भरायचा सरकारी फॉर्म) भरून रीतसर घेतलं, सहा वर्षं जवळजवळ दर रविवारी रेंजवर नेलं, वहीत मोजून साडेपाच हजार राऊंड, म्हणजे काडतुसं, झाले, आणि परत येताना तिथेच विकून आलो. आता इथे १० मीटर एअर पिस्तूल मारतो, त्यामुळे दोन्हीची तुलना हातात ताजी आहे.

१९११ म्हणजे जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, अमेरिकन लष्कराने १९११ साली घेतलं म्हणून ते नाव. बरोबर शंभर वर्षांनी, २०११ ला, रुगरने आपलं एसआर१९११ काढलं. फ्रेम स्टेनलेस, स्लाईड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) स्टेनलेस, नळी पण स्टेनलेस, ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. बॉक्समध्ये दोन मॅगझिन, एक ७ काडतुसांचं एक ८ चं, आणि नळीच्या तोंडाची बुशिंग (नळी धरून ठेवणारी कडी) फिरवायला एक प्लॅस्टिकचा पाना.

वजन. लोक पहिल्यांदा हातात घेतात आणि म्हणतात बापरे. रिकामं ३९ औंस, म्हणजे १ किलो १०० ग्रॅम, त्यात .४५ ची आठ काडतुसं भरली की अजून पावणेदोनशे ग्रॅम धरा. कमरेला लावून दिवसभर फिरायचं असेल तर हे वजन नकोसं होणार, पण पुतण्याला रेंजवर मारायचंय, आणि रेंजवर हेच वजन तुमच्या कामाला येतं. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम, ९ एमएमच्या ११५ ग्रेनच्या गोळीच्या बरोबर दुप्पट. एवढी जड गोळी पुढे गेली की मागे धक्का येणारच. पण तो धक्का ह्या पिस्तुलात फटकन मनगटात येत नाही, कोणीतरी तळहाताला धरून मागे ढकलावं तसा येतो, आणि फ्रंट साइट (नेम धरायची पुढची खूण) वर जाऊन परत जिथल्या तिथे येऊन बसते. माझ्या शेजारच्या लेनवर एकजण प्लॅस्टिक फ्रेमचं छोटं .४५ मारायचा, दोन मॅगझिन झाली की हात झटकत बसायचा, आणि मी शंभर राऊंड मारून सरळ गाडी चालवत घरी. दुखलेच तर खांदे, आणि तेही सुरुवातीचे दोन महिने. एअर पिस्तूल मारणाऱ्यांना हे लगेच कळेल, आपलं साधारण साडेनऊशे ग्रॅमचं असतं आणि एका हाताने धरतो, हे दोन हातांनी.

दुसरी गोष्ट चाप, आणि माझ्या मते १९११ घ्यायचं खरं कारण हेच. हा सिंगल अॅक्शन, घोडा आधीच मागे चढलेला असतो, त्यामुळे चापाला एकच काम, तो सोडणं. आणि चाप बिजागरीवर फिरत नाही, ड्रॉवर आत ढकलावा तसा सरळ मागे जातो. थोडी मोकळी जागा, मग एक भिंत लागते, आणि मग काचेची काडी मोडल्यासारखा सुटतो. माझा मोजून सव्वादोन किलोच्या आसपास होता. एअर पिस्तुलाला कमीत कमी ५०० ग्रॅमचा नियम, त्या मानाने हा जड वाटेल, पण आकडा जड असला तरी सुटणं स्वच्छ आहे, आणि बोट चुकलं की लगेच दिसतं, गोळी डावीकडे खाली. पहिले तीन महिने माझ्या सगळ्या गोळ्या डावीकडे खाली जायच्या, मी साइटला दोष देत होतो, मग तिथल्या एका म्हाताऱ्या कोचने माझ्या नकळत मॅगझिनमध्ये मधेच एक नकली राऊंड घातला आणि चाप ओढल्यावर पिस्तुलाचं तोंड खाली डुबकी मारताना मला स्वतःलाच दिसलं. त्यानंतर घरी भिंतीसमोर उभं राहून, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून, रोज वीस मिनिटं नुसता चाप ओढला. दीड महिन्यात १५ यार्डांवरचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा घोळका, हाताच्या पंजाएवढा होता तो तीन बोटांएवढा झाला. २५ यार्डांवर माझा चांगला दिवस म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर, आणि तिथे कमी पडणारा मीच, पिस्तूल नाही.

साइट नोव्हाक कंपनीच्या, तीन पांढरे ठिपके, फिक्स. म्हणजे स्क्रू फिरवून वरखाली करता येत नाही. फक्त कागदावर मारणाऱ्याला हे खटकू शकतं, मला सवय झाली. पुतण्याला मात्र मी अॅडजस्टेबल साइटवालं टार्गेट मॉडेल बघ म्हणून सांगणार आहे.

आता स्टेनलेस. ह्यावर मला जरा जास्तच बोलायचंय कारण लोक स्टेनलेस म्हटलं की निर्धास्त होतात. आपण गोव्याची माणसं, खारी हवा काय करते ते आपल्याला कुणी शिकवायला नको, दोन पावसाळ्यांत खिडकीच्या ग्रिलचं काय होतं ते बघतोच की. गॅल्व्हेस्टन पण तसंच, समुद्र बाजूला, ऑगस्टमध्ये शर्ट अंगाला चिकटलेला. पहिल्या उन्हाळ्यात मी रेंजवरून येऊन पिस्तूल वरवर पुसायचो आणि फोमच्या पेटीत ठेवायचो. फोम ओलावा धरून ठेवतो हे माहीत नव्हतं. एक दिवस लाकडी ग्रिपचे (मुठीवरच्या पट्ट्यांचे) स्क्रू काढले तर आत घाम उतरलेला, आणि स्क्रूभोवती मोहरीएवढे नारिंगी ठिपके, सहा-सात. स्लाईडवर काही नाही, नळीवर काही नाही, जिथे हात लागून घाम मुरतो आणि हवा जात नाही तिथेच. तेलात बुडवलेल्या कापडाने घासून गेले, खड्डा पडला नव्हता, पण मी हादरलो. स्टेनलेस म्हणजे गंज उशिरा येणारं पोलाद, न येणारं नाही. शिवाय छोटे काळे पार्ट, मागची साइट, सेफ्टीचा खटका, त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. त्यानंतर माझी पद्धत ठरली. रेंजवरून आलो की आधी हात साबणाने धुवायचे, कारण शिसं लागलेलं असतं, मग पिस्तूल पुसायचं, महिन्यातून एकदा ग्रिप काढायच्या, आणि फोमची पेटी बंद, कपाटात सिलिका जेलची पुडी. साडेपाच वर्षांत परत एक ठिपका आला नाही. तेच साध्या काळ्या फिनिशचं असतं तर पहिल्याच उन्हाळ्यात वाट लागली असती, तेव्हा समुद्राजवळ राहणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावं, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एक मात्र, स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की धातू एकमेकाला ओरबाडतो, म्हणून स्लाईडच्या खाचांत पातळ तेलापेक्षा ग्रीस बरं.

स्टेनलेसचा अजून एक फायदा सांगतो. १९११ साफ करून परत जोडताना स्लाईड स्टॉप (स्लाईड अडवणारा खटका) आत बसवताना हात सटकला की फ्रेमवर एक वाकडा ओरखडा पडतो, जगभर पडतो. माझा पहिल्याच आठवड्यात पडला, दोन इंच, नव्या कोऱ्या पिस्तुलावर, रात्री जेवण गेलं नाही. काळ्या फिनिशवर तो कायमचा राहतो. इथे मी भांड्यांची हिरवी घासणी घेतली, कोरडी, आणि फिनिशच्या रेषा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवली, दहा मिनिटांत शोधून सापडेना. गोल गोल घासू नका, डाग दिसतो. आणि खोलताना बुशिंग फिरवली की स्प्रिंगवरची टोपी अंगठ्याखाली दाबून धरा, सुटली तर डोळ्यात जाईल, चष्मा घालूनच.

अडकण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पेटीतल्या दोन मॅगझिनवर काही त्रास नाही, स्वस्तात घेतलेल्या एका बाहेरच्या मॅगझिनने मात्र शेवटचा राऊंड तिरका चढवून दोन-तीनदा नळीच्या तोंडाशी अडकवला, ते टाकून दिलं आणि विषय संपला.

खर्चाचं मात्र विचार करून घ्या. मला .४५ चं ५० चं खोकं ९ एमएमच्या दीडपट, कधी पावणेदोनपट पडायचं. पिस्तुलाचे पैसे एकदाच जातात, काडतुसांचे दर रविवारी, आणि ज्याला काडतुसं परवडत नाहीत तो सराव कमी करतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि उद्या कुणाला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेकडे वळायचं असेल तर तिथे कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर एवढंच चालतं, .४५ बसतच नाही. मला परत घ्यायचं झालं असतं तर हेच पोलादी वजन, हाच चाप, पण ९ एमएममध्ये घेतलं असतं. धक्का अजून कमी, खर्च कमी, राऊंड जास्त. .४५ चा तो संथ ढकलणारा धक्का मला आवडायचा, अजून आठवतो, पण आवड वेगळी आणि नव्या पोराला शिकायला काय बरं हे वेगळं.

तर बाबू, तुला एवढंच सांगतो. आधी तीन-चार रविवार रेंजवर भाड्याने घेऊन मार, एक .४५ आणि एक ९ एमएम, दोन्ही पोलादी. तुझा हात लहान आहे, तेव्हा पकड न सोडता अंगठा मॅगझिनच्या बटणापर्यंत पोचतो का बघ, आणि तळहात मागच्या ग्रिप सेफ्टीवर पुरता दाबला जातो का तेही बघ, नाहीतर चाप ओढशील आणि काही होणार नाही. घरी आधी लोखंडी कपाट आण, पोरगी आता चालायला लागली असेल. कानाला प्लग आणि वरून मफ, बंद रेंजवर दोन्ही. आणि घेतलंस की पहिल्या दिवसाचं टार्गेट फेकू नको, मागे तारीख घालून फोटो पाठव मला.