जुन्या मोटरहोमचा ओटा: पेठांतलं सामान गाडीत किती टिकतं?

ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या दहा-बारा वर्षांच्या कॅम्परचा, म्हणजे राहण्या-रांधण्याची सोय असलेल्या गाडीचा, ओटा नव्याने करायचा, तर लागणारं बहुतेक सामान पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, रविवार पेठ, तपकीर गल्ली आणि नाना पेठ एवढ्यात मिळतं. (गाडी घेऊन जाऊ नका, मापं घेऊन जा.) अडचण सामानाची नाही. दुकानदार समोरच्याला फ्लॅटचं गिऱ्हाईक समजतो आणि फ्लॅटचं सामान हातात ठेवतो. फ्लॅट ताम्हिणी घाट चढत नाही, हे त्याला आधीच सांगावं लागतं.

आधी जुना ओटा काढा आणि सिंकखालच्या फरशीच्या प्लायमध्ये स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहा. आत रुतला तर प्लाय कुजलाय. तेवढा तुकडा कापून बदलल्याशिवाय वर काहीही बसवू नका. पत्र्याच्या फासळ्यांवरचा गंज घासून झिंक प्रायमर मारायची वेळही हीच. पुढे तिथे हात पोहोचत नाही.

प्लाय: टिंबर मार्केटमध्ये नुसतं ‘वॉटरप्रूफ द्या’ म्हटलं की काहीही मिळतं. शीटवर IS 710 चा (मरीन प्लायचा) शिक्का बघून घ्या. सुतार सवयीने 18 मिमी मागतो. 8 बाय 4 फुटांची ती शीट 35 किलोच्या पुढे जाते, 12 मिमीची 23 ते 25 किलोत भागते. गाडीत 12 मिमी पुरतो, पण भार प्लायवर न देता 25 मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर द्यावा. दीड मिमी जाडीचा असा 12 मीटर पाइप जेमतेम पाच किलो भरतो. सांगाडा गाडीच्या लोखंडाला जिथे टेकतो तिथे रबर किंवा नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर ओल धरली की दोन धातूंच्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. सनमायका एकाच बाजूने लावली तर 12 मिमीचं दार वाकतं. आतल्या बाजूला लायनर, म्हणजे पातळ सनमायका लावा. पीव्हीसी फोम बोर्डाची हल्ली फार शिफारस होते. पाण्याला तो उत्तम, पण बंद गाडी एप्रिलच्या उन्हात उभी राहिली की मऊ पडतो, आणि स्क्रू धरत नाही. सिंकखालच्या तळाला वापरा, बिजागरीला नाही.

ग्रॅनाइट साफ नको. 4 फूट बाय 20 इंचाचा 18 मिमी दगड 30 किलो होतो, आणि सिंकसाठी कापलेल्या कोपऱ्यातून पहिली चीर जाते. 12 मिमी प्लायवर 304 दर्जाचा 1 मिमी स्टेनलेस पत्रा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने चिकटवला तर तेवढाच ओटा सुमारे 10 किलोत होतो. इथे साधा सिलिकॉन चालत नाही. हादऱ्यांनी कडेपासून सुटत येतो.

रविवार पेठेतलं हार्डवेअर हा या कामाचा सगळ्यात फसवा भाग. ट्रॉलीचे आपोआप हळू मिटणारे सॉफ्ट-क्लोज चॅनल दुकानात लोण्यासारखे सरकतात, पण त्यांना कुलूप नसतं. पहिल्याच वळणाला ट्रॉली बाहेर येते आणि डबे जमिनीवर. मॅग्नेट कॅचही भरल्या खणाला पुरत नाहीत. साधे टेलिस्कोपिक चॅनल आणि प्रत्येक ट्रॉलीला दाबून उघडणारं पुश-लॉक ही जोडी टिकते. दारांना कप बिजागरीऐवजी पूर्ण उंचीची पियानो बिजागरी लावा. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू काही महिन्यांत हलायला लागतो, म्हणून सांध्यांना बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्याने न सुटणारे), पत्र्यात रिव्हेट नट (रिव्हेटसारखे बसणारे, आतून आटे असलेले). हे नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळतं.

पंप घेताना तपकीर गल्लीत डोळे उघडे ठेवा. ‘बारा व्होल्टचा छोटा पंप’ मागितला की आरओचा बूस्टर पंप पुढे येतो. तो बहुधा 24 व्होल्टचा असतो आणि नळाला बारीक धार देतो. हवा तो 12 व्होल्टचा, प्रेशर स्विच असलेला (नळ उघडला की आपोआप चालू होणारा) डायफ्राम पंप. त्याच्या आधी जाळी लावा, कारण जुन्या टाकीतला गाळ झडपेत अडकला की नळ बंद असतानाही पंप टकटकत राहतो. 60 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 60 किलो. ती ओट्याच्या बाजूला न ठेवता गाडीच्या दुसऱ्या अंगाला ठेवा, नाहीतर गाडी एका अंगाने बसते.

गॅस की इंडक्शन? 1200 वॉटचं इंडक्शन इन्व्हर्टरमधून 12 व्होल्टच्या बॅटरीकडून सुमारे 110 अँपिअर ओढतं. 100 अँपिअर-तासाच्या एका लिथियम बॅटरीचा बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) बऱ्याचदा 100 अँपिअरलाच पुरवठा तोडतो, आणि मग विक्रेता इन्व्हर्टरला दोष देतो. दोन बॅटऱ्या समांतर, 50 चौ. मिमीची आखूड केबल आणि बॅटरीजवळच फ्यूज. एवढा खर्च करायचा नसेल तर इंडक्शनचा नाद सोडा.

गॅसला 5 किलोचा सिलिंडर पुरे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती खाली साचते. म्हणून सिलिंडरचा खण आतून पूर्ण बंद, दार बाहेरून, आणि तळाला किमान 100 चौ. सेंमीचं उघडं छिद्र, तेही सायलेन्सरपासून लांब. बहुतेक सुतार हे छिद्र ‘धूळ येते’ म्हणून बुजवतात; काम ताब्यात घेताना वाकून बघा. काचेच्या शेगडीपेक्षा स्टीलची बरी, ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी झडप असेल तर फारच बरं. चालत्या गाडीत सिलिंडरचा नॉब बंदच.

फ्रिज कॉम्प्रेसरचा, 12 व्होल्टचा घ्या. जुन्या गाड्यांतला गॅसवर चालणारा फ्रिज उन्हाळ्यात आणि उतारावर उभ्या गाडीत नीट थंड करत नाही. नवा फ्रिज ‘बॅटरी भरलेली असूनही बंद पडतो’ अशी तक्रार ऐकू येते. कारण जवळजवळ नेहमी जुनी वायर. बॅटरीपासून पाच मीटरवर दीड चौ. मिमीच्या वायरीत 6 अँपिअरला 0.7 व्होल्ट वाटेतच जातो आणि फ्रिज बॅटरी उतरली समजून बंद होतो. 6 चौ. मिमीच्या वायरीत 0.2 व्होल्टही जात नाही.

कारागिराबद्दल: फ्लॅटचा सुतार फिनिशिंग सुरेख देतो, पण सांगाडा त्याच्याकडून करून घेऊ नये. बस-बॉडीवाला फॅब्रिकेटर सांगाड्याला, सुतार फक्त दारांना. आसनांची संख्या किंवा गाडीचा प्रकार बदलत असेल तर आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत विचारा. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 खाली मूळ नोंदीशी न जुळणारे बदल अंगाशी येतात.

पहिल्या 300 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, आणि गॅसच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी पुन्हा लावून बघा.