कीमो पोर्ट पॉवरवाला की साधा? कार्ड, बोटं की एक्स-रे, भरवसा कशावर ठेवायचा

कीमो पोर्ट म्हणजे औषध शिरेत सोडायला कातडीखाली बसवलेली छोटी पोकळ चकती (चेंबर) आणि तिला जोडलेली नळी. असा पोर्ट असलेल्या पेशंटला कॉन्ट्रास्टचा, म्हणजे फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेत औषध सोडून करायचा सीटी स्कॅन सांगितला की पोर्ट पॉवरवाला आहे का साधा हा प्रश्न येतोच, अन् घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. बाहेरून दोन्ही सारखेच, कॉलरबोनच्या खाली रुपयाच्या नाण्याएवढा उंचवटा, त्यावरून काय कळणार. नागपुरात तर अजूनच पंचाईत, कारण पोर्ट बसवला जामठ्याला आणि स्कॅन करायचा धंतोली-रामदासपेठेत, त्यात पेशंट गोंदिया नाहीतर बालाघाटहून आलेला अन् फाईल घरीच राहिलेली.

फरक कुठे पडतो तर कॉन्ट्रास्टचं औषध मशीन दाबाने सोडते, सेकंदाला 5 एमएलपर्यंत, आणि पॉवर पोर्ट त्यासाठीच बनवलेला असतो. साध्या पोर्टमधून तेवढ्या जोराने सोडलं तर नळी फाटू शकते, चेंबरपासून सुटू शकते, आणि त्या नळीचं टोक हृदयाच्या तोंडाशी असतं. त्यामुळे "पॉवरच असेल बहुतेक" हे उत्तर मी तरी ऐकून घेणार नाही.

माझं मत सरळ आहे, कार्ड एक नंबर. पोर्टच्या डब्यात कंपनीचं कार्ड आणि स्टिकर येतात, त्यावर मॉडेल, लॉट नंबर आणि पॉवर आहे का ते छापलेलं असतं. आत्याचं कार्ड आम्ही लॅमिनेट करून तिच्या मोबाईलच्या कव्हरमागे ठेवलंय आणि फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, कारण फाईल विसरते पण मोबाईल कोणी विसरत नाही नं. कार्ड मिळालंच नसेल तर जिथे पोर्ट बसवला तिथे ऑपरेशन नोटची कॉपी मागा, स्टिकर सहसा तिथे चिकटवलेला असतो.

बोटांनी चाचपून ओळखणं सगळ्यात सोपं वाटतं आणि लोक त्यावरच जास्त विसंबून राहतात. एका कंपनीच्या पॉवर पोर्टचा आकार त्रिकोणी असतो आणि वर तीन बारीक टोकं असतात, आत्याच्या पोर्टवर हलकं बोट फिरवलं की ती तीन टोकं स्पष्ट लागतात. पण बाकी कंपन्यांच्या पॉवर पोर्टला अशी टोकं असतीलच असं नाही, आणि पेशंट जाड असेल किंवा सूज असेल तर असलेली टोकंही लागत नाहीत. म्हणजे टोकं लागली तर अंदाज पक्का व्हायला मदत होते, नाही लागली तर त्यावरून काहीच ठरत नाही. जखम ओली असताना तर चाचपूच नका.

एक्स-रे दुसरा नंबर. बऱ्याच पॉवर पोर्टवर सी आणि टी ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, ती फिल्मवर दिसतात, आणि उलटी दिसली तर पोर्ट आतमध्ये पलटलेला असू शकतो हेही लक्षात येतं. वेगळा एक्स-रे काढायची गरज पडेलच असं नाही, सीटीच्या मशीनवर इंजेक्शनच्या आधी जो पहिला फोटो घेतात त्यातही अक्षरं दिसू शकतात, टेक्निशियनला तेवढं बघायला सांगा.

उंचवटा छातीवर नसून पोटावर किंवा बरगडीवर असेल तर तो शिरेचा पोर्ट नसूही शकतो, पोटाच्या पोकळीत औषध सोडायचा असू शकतो, तिथे कागद बघितल्याशिवाय कोणालाच सुई लावू देऊ नका.

आता ठरवायचं कसं, तर कमीत कमी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत, कार्ड आणि एक्स-रे, किंवा कार्ड आणि चाचपणी. नुसत्या बोटांवर तर नाहीच. जुळत नसेल तर भांडत बसू नका, हाताच्या शिरेत सुई लावून कॉन्ट्रास्ट द्यायला सांगा, शीर सापडायला वेळ लागेल पण स्कॅन होतो. आणि पोर्ट पॉवरवाला निघाला तरी त्यात लावायची ह्युबर सुईसुद्धा पॉवरचीच लागते, साधी सुई चालत नाही, तेवढं सुई टोचायच्या आधीच विचारा.