जळगावात करून घेतलेली 45 नंबरची जर्सी

मागच्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या जर्सीचा आकडा दोन धुण्यांतच सोलून निघाला, फार जीवाला लागलं होतं. यंदा फुले मार्केटजवळच्या एका छोट्या दुकानातून मुंबई इंडियन्सची जर्सी करून घेतली, 550 रुपयांत. काकांनी आधी कापडच हातात दिलं. "ओढून बघ भाऊ, जाळी बारीक आहे, घाम धरणार नाही." आमच्या जळगावात मे महिन्यात पारा 44 वर जातो, त्यामुळे हे आधी बघायचं. रोहितचा 45 वरून चिकटवलेला नाही, रंग कापडातच उतरवलाय. नखानं खरवडून पाहिलं, हलला नाही. सहा धुणी झाली, निळा तसाच आहे. बाह्या मात्र घट्ट, एक साइज मोठी घ्या.

वडील म्हणतात, 2022 ला टीम तळाला, 2024 ला परत तळाला, तरी पैसे घालतोस? घालतो. 2013 ला पहिली ट्रॉफी आली तेव्हा आजोबांना खेटून बसून मॅच पाहिली होती, ती टीम सोडवत नाही. वानखेडे इथून चारशे किलोमीटर. तिकीट, रेल्वे, राहणं दरवेळी परवडत नाही, पण जर्सी घालून गच्चीवर बसलो की मी त्या गर्दीतच असतो.

धाकट्यासाठीही एक सांगून आलोय, शनिवारी मिळेल.